व्याधिग्रस्त देहाची कविता



पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा श्रमावर उभा राहिलेला प्रदेश आहे. येथे माणसाचे मोल त्याच्या धडधाकट देहावरून ठरते. म्हणून ज्याचा हात यंत्रात सापडला, ज्याचा कणा ओझ्याने कायमचा दुखावला, किंवा ज्याला जन्मभर औषधावर जगावयाचे आहे, तो आपले दुखणे लपवितो. कंत्राटी कामगाराला तर ते लपवावेच लागते. उद्या फाटकातून आत घेतील की नाही, याची त्याला शाश्वती नसते. घरी यावे, तर शेजारीपाजारी म्हणतात, "मागल्या जन्मीचे भोग आहेत."

हा विचार आपण टाकून दिला पाहिजे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हे मत बुद्धाचे नव्हे, असे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात ठामपणे मांडले आहे. तो ग्रंथही त्यांनी मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी जर्जर झालेल्या देहानिशी पुरा केला.

मग दुखण्याचे करावयाचे काय? औषध घ्यावे, हक्क मागावा आणि दुखणे लिहावे.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पूर-कनेरसर येथे १९४९ साली नामदेव ढसाळ जन्मले. 'गोलपिठा' १९७२ साली निघाला. पुढे ऐन उमेदीत त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस ही व्याधी जडली. हिच्यात शरीराचीच संरक्षक शक्ती शरीरावर उलटते आणि मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही. पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, कधी श्वासही अडतो. श्रम करावे तसे बळ ओसरते. या व्याधीसह ते अनेक वर्षे लिहीत राहिले. 'या सत्तेत जीव रमत नाही' १९९५ साली आला. एका संग्रहाला त्यांनी 'निर्वाणा अगोदरची पीडा' असेच नाव दिले. १५ जानेवारी २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

आजारी असूनही ते थोर झाले, एवढाच बोध यातून घेऊ नका. कवितेने व्याधी बरी होत नाही. परंतु आपण गप्प राहिलो, तर आपल्या देहाविषयी दुसरेच बोलतात आणि कीव करतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. जे दुखणे कोणी बोललेच नाही, त्याची नोंद कोणता कायदा घेणार?

लिहिताना 'दैव', 'भोग' हे शब्द वर्ज्य करा. दम लागत असेल तर ओळ आखूड ठेवा. गोळीचे नाव, रात्रपाळी, सुन्न पडलेले बोट, जे आहे तेच लिहा. राग आला तर तोही लिहा. ज्याला लेखणी धरवत नाही, त्याच्या शेजारी घरातील शिकलेल्या मुलीने बसावे, "कोठे दुखते?" असे विचारावे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत, काही न सुधारता, उतरून घ्यावे.