मागचं झाकण

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्रात आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी हटकून असते. अमुक कंपनीचा नवा फोन आला. तो पूर्वीच्यापेक्षा इतका पातळ आहे, कॅमेऱ्यात इतके मेगापिक्सेल वाढलेत आणि किंमत फक्त अमुक हजार. हा ‘फक्त’ मला फार आवडतो. आहेराच्या पाकिटावर आपण ‘अल्पशी भेट’ लिहितो ना, त्यातलाच तो प्रकार. या बातम्या मी चवीनं वाचतो, पण अलीकडे त्यात एकच गोष्ट शोधत असतो आणि ती कधीच सापडत नाही. या फोनची बॅटरी आपली आपल्याला काढता येते का?

प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही वाटत होता, गेल्या पावसाळ्यापर्यंत.

माझी आई कराडला असते. वय एकोणऐंशी. स्मार्टफोन शिकायला तिनं दोन वर्षं घेतली आणि रीतसर शिकली, म्हणजे वही घालून. तिच्या उशाशी एक दोनशे पानी वही आहे. त्यात लिहिलंय : ‘हिरवा गोल, त्यात कॅमेऱ्याचं बारकं चित्र दाबणे, नात दिसेल.’ दुसऱ्या पानावर : ‘पेन्शन जमा झाली का? निळी चौकट. मग चार आकडे. मग बोट वरून खाली ओढणे.’ अशी पंधरा-वीस पानं. ही वही आणि तो फोन मिळून एक यंत्र आहे. एक काढून घेतलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, “अरे, याला सूज आलीय.” मला वाटलं, पायाबद्दल बोलतेय. तर सूज फोनला आली होती. मागची काच एका बाजूनं उचलली गेली होती आणि फटीतून आत काहीतरी उशीसारखं फुगलेलं दिसत होतं.

हे काय असतं, ते थोडक्यात सांगतो. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं ती पहिल्यांदा बाजारात आणली १९९१ मध्ये, आणि तिच्यामागच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठी गुणाची वस्तू आहे, पण अमर नाही. चार्ज होणं आणि उतरणं यांच्या काही शे फेऱ्या झाल्या की तिची ताकद कमी होत जाते. उष्णतेनं लवकर कमी होते. आतला द्रव विघटित होऊन वायू तयार झाला की पाकीट फुगतं. अशी फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि फोन चार्जिंगला तर अजिबात लावायचा नाही. आई तो उशीखाली ठेवून झोपत होती, हे मला मागाहून कळलं.

थोडक्यात, बॅटरी हा सायकलच्या टायरसारखा झिजणारा भाग आहे. टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात देत नाही.

मी तो फोन पुण्याला आणला आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टोकन घेतलं. भिंतीवर पाटी होती, ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची.’ तासाभरानं नंबर आला. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नाही. म्हणाला, “सर, या मॉडेलची बॅटरी येत नाही आता. चार वर्षं झाली त्याला. आईंना नवीन घेऊन द्या की, एक्स्चेंजमध्ये बसेल.” फुगलेला फोन एक्स्चेंजमध्ये घेत नाहीत, हे त्यानं मी नवा पसंत केल्यावर सांगितलं.

नवा फोन चांगला होता. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात हिरवा गोल दुसऱ्या पानावर गेला होता. बोट वरून खाली ओढलं की भलतंच काहीतरी उघडत होतं. निळी चौकट होती, पण आता ती आधी अंगठ्याचा ठसा मागत होती, आणि भांडी घासून झिजलेल्या आईच्या बोटाचा ठसा ते यंत्र काही ओळखेना. वहीतलं एकही पान लागू पडेना. आठवडाभर तिनं प्रयत्न केला. मग म्हणाली, “राहू दे. पेन्शन आली की तूच सांगत जा.”

हे वाक्य मला फार लागलं. दोन वर्षांत मिळवलेलं स्वातंत्र्य आठ दिवसांत गेलं, आणि कशामुळे, तर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक बॅटरी बदलता येत नाही म्हणून.

आता काहीजण म्हणतील, जुनं ते सोनं हा सूर लागला. तसं नाही. जुन्या फोनचं मला कौतुक आहे ते एका हिशेबापुरतं, आणि तो हिशेब मांडण्यासारखा आहे.

२००३ मध्ये नोकियाचा ११०० हा फोन आला. टॉर्चवाला. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. त्यात बीएल-५सी नावाची बॅटरी होती. मागचं झाकण अंगठ्यानं सरकवायचं, नखानं बॅटरी उचलायची, झालं. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या अशा बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. त्यांची संख्या होती चार कोटी साठ लाख. आपल्याकडेही मोठी घबराट झाली होती, आठवत असेल. लोक झाकण काढून, चष्मा लावून बॅटरीवरचा तो बारीक सव्वीस अक्षरांचा क्रमांक वाचत बसले होते. पण उपाय काय होता? सदोष बॅटरी परत द्या, नवी घ्या. फोन आपल्या खिशातच राहिला.

आता २०१६ ला या. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ आला आणि त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. इथं बॅटरी आत चिकटवलेली. त्यामुळे बॅटरी परत मागवता येईना, अख्खे फोनच परत मागवावे लागले, पहिल्याच फेरीत सुमारे पंचवीस लाख. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं तो फोन विमानात वापरायला मनाई केली. बदली दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीला ते मॉडेलच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं चौकशीचा निष्कर्ष सांगितला, तोही हाच, दोष बॅटरीत होता. म्हणजे नऊ वर्षांत काय झालं? बॅटरीचा आजार तोच, पण आता तिच्याबरोबर फोनलाही मरावं लागतं.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं, झाकण उघडं ठेवलं की फोन जाड होतो आणि आत पाणी शिरतं. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी. आत चिकटवायच्या बॅटरीला टणक कवच लागत नाही, नुसतं पातळ पाकीट पुरतं, आणि वाचलेल्या जागेत जास्त वीज साठते. दुसरी गोष्ट मात्र मला पटत नाही. त्याच सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ पाण्यात पडला तरी तग धरायचा, आणि त्याचं मागचं झाकण नखानं निघायचं. पुढच्याच वर्षी एस ६ आला, काचेचा आणि बंद. म्हणजे येत नव्हतं असं नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही दुकानात फोन हातात घेऊन ‘किती स्लिम आहे’ म्हणतो. मीही म्हटलंय. झाकण आहे का, असं कोणी विचारलं?

बॅटरी बंद झाली की तिच्याबद्दलची माहितीही बंद होते. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलला कबूल करावं लागलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग कंपनीच सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू, असं स्पष्टीकरण आलं. हेतू चांगला असेलही. पण ग्राहकाला ते सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, फोनच म्हातारा झाला. मग कंपनीनं बॅटरी बदलण्याचा दर एकोणऐंशी डॉलरवरून एकोणतीसवर आणला, आणि फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड भरला.

सरकारं आता जागी होताहेत. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकच यूएसबी-सी चार्जर सक्तीचा केला. जून २०२५ पासून तिथं असा नियम आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं त्याचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. सात वर्षं! आईचा फोन युरोपात या नियमानंतर विकला गेला असता, तर ‘चार वर्षं झाली’ हे उत्तर देता आलं नसतं. फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असाही कायदा त्यांनी केला आहे. फोनसाठी मात्र त्यात एक वाट ठेवली आहे. बॅटरी पुरेशी टिकाऊ आणि फोन पाणी-धूळरोधक असेल, तर ती कारागिरानंच बदलायची सोय चालते. माझा अंदाज, महागडे फोन याच वाटेनं जातील.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. उपकरण दुरुस्त करायला किती सोपं आहे, याचे गुण ठरवण्यासाठी समितीही नेमली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. फ्रीजवर विजेच्या बचतीचे तारे असतात, तसे फोनच्या डब्यावर दुरुस्तीचे गुण छापले, तर मी चष्मा लावून आधी तेच वाचीन. पण पोर्टलवरची माहिती आणि काउंटरवरची बॅटरी यांत अजून बरंच अंतर आहे.

हे अंतर सध्या कोण भरून काढतं, तर गल्लीतली पोरं. पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. आम्हाला तो कराडातच भेटला, एसटी स्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी, चार फुटांच्या दुकानात. शिकलेला बारावी. आईनंच शोधला होता, शेजारणीला विचारून. मी फोन परत नेल्यावर ती मला घेऊन गेली.

त्यानं फोन तापत्या पाटावर ठेवला, गम सैल झाल्यावर प्लॅस्टिकची पट्टी घालून काच सोडवली, आणि ती फुगलेली बॅटरी इतक्या हळुवारपणे उचलली, की मी श्वास धरून बघत होतो. खाली वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा होता, त्यात ती ठेवली. मी विचारलं, पुढं याचं काय करता? म्हणाला, भंगारवाला नेतो. जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीचं कोणी त्या डब्यापर्यंत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

नवी बॅटरी ओरिजिनल होती का? नव्हती. त्यानं ते आधीच सांगितलं. “काका, कंपनी आम्हाला माल देत नाही. ही कॉपी आहे, पण बरी आहे. सव्वा वर्ष जाईल, जास्त बोलत नाही.” एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात नक्कल बॅटरीचा फोन देताना मला काळजी वाटली, आजही वाटते. रात्री तो उशीखाली ठेवायचा नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. नऊशे रुपये झाले. अर्ध्या तासात फोन सुरू झाला, हिरवा गोल जागच्या जागी.

आईनं तिथंच पिशवीतून वही काढली आणि नवं पान उघडून तारीख, रक्कम आणि दुकानाचा पत्ता लिहिला. मग पेन तसंच धरून त्या मुलाला म्हणाली, “मागचं झाकण काढायचं कसं, तेवढं सांग. लिहून ठेवते.”

तो हसला. “ते नाही जमायचं आजी. गम लावलाय. तासभर सुकू द्या, मग वापरा.”

आईनं तेही लिहून घेतलं.