होडीच्या आधीं काठ
(नभोवाणीवरील भाषण)



घर बांधावयाचें म्हटलें कीं आपण आधीं जागा पाहतों, मग नकाशा काढतों. गाय घ्यावयाची म्हटली कीं गोठ्याचा विचार पहिल्यानें होतो. शिडाच्या होडीच्या बाबतींत मात्र हौशी मनुष्य नेमका उलट वागतो. पांढरें शीड, वाऱ्यानें कललेली होडी, बाजूनें उडणारे तुषार, हें चित्र त्याच्या मनांत इतकें ठसलेलें असतें कीं तो आधीं होडी घेतो. आणि ती ठेवावयाची कोठें, हा प्रश्न पैसे देऊन झाल्यावर त्याच्यासमोर उभा राहतो. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें या मागाहून सुचणाऱ्या प्रश्नाविषयीं.

नाशिककरांना हा प्रश्न परका वाटूं नये. शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. तो पाहून आलेल्या एखाद्या घरांत, आपली स्वतःची शिडाची होडी असावी, असा हट्ट मुलांनीं धरला तर त्यांत नवल नाहीं. वडील मंडळींनीं तो हट्ट एकदम उडवून लावूं नये, आणि एकदम पुरवूंहि नये. त्यांनीं मुलांना एवढेंच विचारावें, ‘होडी राहील कोठें?’ याचें उत्तर शोधतां शोधतां मुलांना भूगोल, इतिहास आणि शेजारधर्म या तिन्ही विषयांचा धडा मिळेल.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचें ठरलेलें उत्तर म्हणजे मरीना. शांत पाण्यांत तरंगते धक्के बांधलेले असतात. प्रत्येक होडीस आपापला गाळा. पाणी, वीज, पहारा, सारी व्यवस्था भाड्यांत मिळते. परंतु इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काय किंवा अमेरिकेंत काय, सोयीचे मरीना भरलेले असतात, आणि नव्या माणसास यादींत नांव घालून वाट पाहावी लागते. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. येथें मरीना भरण्याचा प्रश्न पुढचा. मुळांत ते आहेत किती? कोचीजवळ बोळगट्टी बेटावर एक आहे, आणि त्याच्यासारखीं ठिकाणें आपल्या एवढ्या लांब किनाऱ्यावर बोटांवर मोजण्याइतकींच आहेत. ज्या मुंबईंत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालीं स्थापन झाला, त्या मुंबईंतहि अपोलो बंदरासमोर हौशी लोकांच्या नौका पिढ्यान् पिढ्या उघड्या पाण्यांत बोयाला बांधूनच राहत आल्या आहेत.

हा बोया म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. समुद्राच्या तळाशीं एक जड वजन टाकावयाचें, त्याला सांखळी जोडावयाची, सांखळीच्या वरच्या टोंकाला तरंगता बोया आणि बोयाला होडी. वारा फिरेल, भरतीची ओढ बदलेल, तशी होडी त्याच्याभोंवतीं फिरत राहते. आतां हिशेब पाहा. पंचवीस फुटांची होडी आणि चाळीस फुटांची सांखळी धरली, तर ती होडी सुमारें एकशेंतीस फूट व्यासाचें वर्तुळ अडवून बसते. समुद्र अफाट दिसतो, पण आसऱ्याचें, बेताच्या खोलीचें आणि रहदारीच्या वाटेबाहेरचें पाणी अफाट नसतें. शिवाय होडीपर्यंत जाण्यास दुसरी लहान होडी लागते, आणि ती ठेवण्यास पुन्हां काठ लागतोच.

इतकेंहि करून जागा मिळते ती आठ महिन्यांपुरती. ज्येष्ठ सरतां सरतां नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं उघड्या पाण्यांतल्या सांखळीवर विश्वास ठेवून लहान नौकेचा मालक घरीं स्वस्थ झोंपूं शकत नाहीं. नौका बाहेर काढावी लागते. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर ज्याला पाण्यांत जागा मिळाली, त्यालाहि जमिनीवर जागा हवीच. ही एक गोष्ट ध्यानांत घेतली कीं सगळा प्रश्नच निराळा दिसूं लागतो.

आपल्या कोळी बांधवांना हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पावसाळा जवळ आला कीं कोळीवाड्यांतील होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. इंजिनें, जाळीं उतरवून घरांत जातात. आणि होड्या शाकारण्याचें काम सुरू होतें. पूर्वीं माडाच्या झापांनीं शाकारीत, आतां ताडपत्री आणि प्लॅस्टिकचा कागद आला आहे. शासनाची पावसाळी मासेमारीबंदी अलीकडची. समुद्राची बंदी फार जुनी. पुढें नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो आणि होड्या पुन्हां पाण्यास लागतात. या दिवसांत कोणाची होडी कोठें उभी राहावयाची, हें सारा कोळीवाडा जाणतो. ज्या वाळूवर बाहेरच्या माणसास मोकळी जागा दिसते, त्या वाळूवर कोणाचा तरी पिढीजाद वहिवाटीचा हक्क असतो. म्हणून किनाऱ्यावर होडी ठेवूं पाहणाऱ्या शहरी गृहस्थानें प्रथम गांवच्या मच्छीमार संस्थेंत जावें, एखाद्या अनुभवी तांडेलास भेटावें, राखणीचा मोबदला मनापासून द्यावा. आणि १९९६ पासून राज्यांतील लहान बंदरांचा कारभार पाहणाऱ्या महाराष्ट्र सागरी मंडळाचे नियमहि विचारून घ्यावेत. कागदावरची परवानगी आणि गांवचें सौजन्य, दोन्हीं हवींत. नुसत्या कागदानें होडी राखली जात नाहीं.

दुसरा मार्ग खाडीचा. नाशिककरांना येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपली गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून १,४६५ किलोमीटर चालते आणि पूर्व समुद्रास मिळते. त्याच डोंगराळ मुलखांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे उतरते आणि जेमतेम दीडशें किलोमीटरांत अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रास भेटते. म्हणजे समुद्राचा आपला जवळचा दरवाजा हा वैतरणेच्या खाडीचा आहे. खाडींत लाटांचा मार नसतो. आपल्या पूर्वजांनीं हें पुरतें ओळखलें होतें. विजयदुर्गाचा किल्ला खाडीच्या तोंडाशीं पहारा करतो, आणि मराठी आरमाराची खडकांत खोदलेली गोदी आहे ती आंत, वाघोटणच्या खाडींत. अगदीं अलीकडचें उदाहरण घ्या. ज्या ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें आणि अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौका गोव्यांत दिवाडी बेटावर, मांडवीच्या पाण्याशेजारीं बांधली गेली. तिचें नांवहि त्या नदीचेंच.

परंतु खाडीचेंहि एक गणित आहे. तोंडाशीं वाळूचा दांडा असतो, आणि उत्तर कोंकणांत उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर बारा-चौदा फुटांपर्यंत जातें. सकाळीं डुलत असलेली होडी दुपारीं चिखलांत बसलेली दिसते. तळाखालीं खोल कणा असलेली होडी अशा वेळीं कुशीवर लवंडते. इंग्लंडांतील चिखलाच्या खाड्यांतून म्हणूनच दोन कण्यांच्या, चिखलावर सरळ उभ्या राहणाऱ्या होड्या प्रिय झाल्या. जागेनें होडीचा आकार ठरविला. होडीनें जागा ठरविली नाहीं. माझ्या मतें हा धडा घोकून ठेवण्यासारखा आहे.

असें असलें तरी, नाशकांत राहणाऱ्या कुटुंबास मी वैतरणेच्या खाडींत होडी ठेवण्याचा सल्ला देणार नाहीं. त्र्यंबक, मोखाडें, जव्हार अशी घाटांची वाट उतरून होडीस भेटावयास जाणें पहिल्या वर्षीं आनंदाचें, दुसऱ्या वर्षीं कर्तव्याचें आणि तिसऱ्या वर्षीं बंद होतें. होडीला धन्याची नजर लागते. तिच्यांत सांचलेलें पाणी उपसावें लागतें, दोर पाहावे लागतात, शिडें वाळवावीं लागतात. दूर ठेवलेली होडी म्हणजे हळूहळू कुजणारें लांकूड, असें समजण्यास हरकत नाहीं.

तेव्हां उरतें तें घराजवळचें पाणी. गंगापूर धरण १९६५ सालीं पुरें झालें. धरणाचें पाणी तळ्यासारखें दिसलें तरी तळ्यासारखें वागत नाहीं. भाद्रपदांत तें काठोकाठ असतें आणि वैशाखांत कितीतरी खालीं गेलेलें असतें. पावसाळ्याच्या अखेरीस जेथें होडी बांधली, तेथें उन्हाळ्यांत भेगाळलेला चिखल असतो. येथें पक्का धक्का निरुपयोगी. उपयोगाचा तो लांब, उतरता, खडी टाकून टणक केलेला रस्ता. शिवाय हें पाणी नाशिक शहर पितें. होडी बारा महिने पाण्यांत ठेवावयाची तर तळाला शेवाळ धरूं नये म्हणून तांब्याचा अंश असलेला विषारी रंग लावतात. पिण्याच्या पाण्यांत तो नको, हें सांगावयास नको. जी होडी खेळ संपल्यावर बाहेर काढली जाते, तिला असा रंग लागतच नाहीं.

म्हणून नाशिककरांस माझें सांगणें असें आहे कीं, जिला पाण्यांत जागा लागतच नाहीं अशी होडी पाहावी. मुलांसाठीं जगभर वापरली जाणारी ‘ऑप्टिमिस्ट’ जेमतेम साडेसात फूट लांब असते आणि तिच्या सांगाड्याचें वजन ३५ किलो भरतें. मोठ्यांची ‘लेझर’ सुमारें चौदा फुटांची. तिचा सांगाडा ५९ किलोंचा. दोन माणसांनीं उचलावी, हातगाडीवर ठेवावी, पाण्यांत उतरवावी आणि संध्याकाळीं पुन्हां भिंतीशीं पालथी घालावी. जी होडी दोन माणसें उचलतात, तिच्यापुढें मरीना भरला आहे कीं रिकामा, हा प्रश्नच उरत नाहीं.

काठाचा प्रश्न मात्र उरतो. होडी पाण्यांत नेण्यास वाट हवी, ठेवण्यास छप्पर हवें, संकटांत धांवून जाण्यास एक राखणीची बोट हवी. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी शिडें हांकतात. हैदराबादेस हुसेनसागरावर शर्यती होतात. तेथें पाणी आहे म्हणूनच हें घडतें असें नाहीं. कोणीतरी काठ राखला आहे, म्हणून घडतें. आपल्याच चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें वल्हीं मारून आले. परंतु वल्हें त्यांच्या हातीं आलें तें गांवीं नव्हे, लष्करांत गेल्यावर. अंगांत बळ असलेलीं मुलें आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्यांना काठ कोण देणार?

या प्रश्नाचें एक फार जुनें उत्तर आपल्या शहराच्या वेशीवरच कोरलेलें आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला लेख आहे. पारदा, दमणा, तापी, डाहाणुका इत्यादि नद्यांवर त्यानें लोकांसाठीं विनामूल्य नावा ठेवल्या, असें त्यांत नमूद आहे. यांतील पार आणि दमणगंगा आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरांतून निघतात. पण मला महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. नावा देऊन तो थांबला नाहीं. त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानें बसण्या-उठण्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. काठावांचून नाव पुरी होत नाहीं, आणि काठ हा सर्वांचा असावा लागतो, हें त्या दात्यास कळलें होतें.

दहा कुटुंबांनीं दहा होड्या घेऊन दहा ठिकाणीं काठ अडविण्यापेक्षां, त्यांनीं एकत्र येऊन जलसंपदा विभागाकडे एका सामाइक काठाची मागणी करावी. त्या जलाशयांत जाळीं टाकून पोट भरणाऱ्या कुटुंबांचा मान आधीं राखावा, आणि ज्यांचीं शेतें त्या पाण्याखालीं गेलीं त्या गांवांतील मुलांना त्या होड्यांत पहिली जागा द्यावी. खेळ श्रीमंतांचा ठरतो तो होडीच्या किंमतीमुळें तितका नव्हे, जितका काठाला घातलेल्या कुंपणामुळें.

आणि हें सारें करण्याआधीं एक साधें काम. वैशाखांत, पाणी सर्वांत खालीं गेलेलें असतांना, मुलांना घेऊन धरणाच्या काठीं जा. पाण्यापर्यंत पायीं चालत जा, पावलें मोजा, चिखल किती, खडक किती, सावली कोठें, तें पाहा. त्या दिवशीं जेथून होडी उचलून नेतां येईल, तेथून ती वर्षाचे बाराहि महिने नेतां येईल. वैशाखांत काठ पाहावा आणि आश्विनांत होडी घ्यावी. मधले चार महिने पोहणें शिकण्यास मुलांना पुरेसे आहेत.