देवसाईची अस्वलं

श्रोतेहो, अस्वल म्हटलं की आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना दरवेशी आठवतो. दारोदारी नाचवलं जाणारं ते काळं अस्वल आपल्याच रानातलं. मोहाची फुलं नि वाळवी खाणारं. थंडीत ते दीर्घ झोप घेत नाही. आज सांगतो आहे ते त्याच्या दूरच्या भाऊबंदाविषयी, हिमालयातल्या तपकिरी अस्वलाविषयी.

गिलगिट-बाल्टिस्तानात देवसाई नावाचं पठार आहे, सुमारे ४,००० मीटर उंचीवर. तिथं उन्हाळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. तेवढ्यात गवत, मुळं, कधी एखादा मार्मोट खाऊन अस्वलाला वर्षभराची चरबी साठवावी लागते. पुढचे पाच-सहा महिने ते बिळात पडून राहतं. खाणं नाही, पिणं नाही.

आता गंमत पाहा. नर-मादीचा समागम होतो उन्हाळ्यात, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरद ऋतू संपेपर्यंत तो तसाच थांबून राहतो. मादीच्या अंगी पुरेशी चरबी असेल तरच पुढं वाढतो. निसर्ग जणू आधी कोठार तपासतो, मगच पाळणा बांधतो! भर थंडीत पिलं जन्मतात. डोळे मिटलेली, जेमतेम अर्ध्या किलोची. उपाशी आई त्यांना आपल्या चरबीवर दूध पाजते.

अलास्कात नद्यांना मासे भरपूर. तिथं पिलं बहुधा अडीच वर्षांत आईपासून वेगळी होतात. देवसाईत मात्र ती चार वर्षांहून अधिक काळ तिच्यामागं फिरतात. मादीला पहिली पिलं होतात साधारण आठव्या वर्षी, आणि त्यानंतरची खेप येते पाच-सहा वर्षांनी.

म्हणजे एवढं बलदंड जनावर, पण त्याचा वंश किती सावकाश वाढतो पाहा! चरबीच्या औषधासाठी आणि खेळ करायला पिलं पकडण्यासाठी माणसानं त्याची शिकार केली. १९९३ साली देवसाईत मोजून १९ अस्वलं आढळली. त्याच वर्षी तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, राखण सुरू झाली. २००६ साली गणती भरली ४३. तेरा वर्षांच्या राखणीची ही कमाई!

बंदुकीची गोळी सुटायला क्षण पुरतो. तिनं एक मादी पडली, तर तिची जागा घ्यायला आज जन्मलेल्या पिलालाही आठ वर्षं लागतात. एवढा हिशेब आपण ध्यानात ठेवला, तरी पुष्कळ झालं.