‘किल’ करण्यापूर्वी

डेटाबेस मंदावला की सर्व्हर सांभाळणारा माणूस आधी ‘टॉप’ लावून बघतो. एक प्रोसेस सीपीयू खात वर बसलेली दिसते, नाव ऑटोव्हॅक्यूम. ही तर आपण कुणी सुरू केलेली नाही, तेव्हा हीच मोकाट सुटली असणार, असं धरून ‘किल मायनस नाइन’ टाइप होतं. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या दोन मिनिटांबद्दल.

उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचं घेतो. इथे ओळ बदलली तरी तिची जुनी आवृत्ती लगेच पुसत नाहीत, कारण चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती लागू शकते. पुढे निरुपयोगी झालेल्या या मृत ओळी साफ करणं हे ऑटोव्हॅक्यूमचं काम. मूळ सेटिंगमध्ये ते दर मिनिटाला फेरी मारतं आणि टेबलाच्या साधारण २० टक्के ओळी मृत झाल्या की कामाला लागतं. आता समजा, कुणी सकाळी एक अपडेट चालवला, कमिट केला नाही आणि विंडो तशीच उघडी ठेवून जेवायला गेला. त्यानंतर मेलेल्या एकाही ओळीला हात लावता येत नाही. ऑटोव्हॅक्यूम टेबल चाळतं, रिकाम्या हाताने परततं, मृतांचा आकडा तसाच राहतो म्हणून पुन्हा येतं. टेबल फुगत जातं. आणि दोषी कनेक्शन? ते शून्य टक्के सीपीयू घेऊन यादीच्या तळाशी पडलेलं असतं!

म्हणून आधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी बघा. प्रत्येक कनेक्शनची स्थिती आणि त्याचं ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं, हे तिथे कळतं. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी तासन्‌तास जुनी नोंद सापडली, तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने तेवढं एकच कनेक्शन तोडा. मायनस नाइन नको. एक प्रोसेस अशी अचानक मेली की सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शनं तोडतं आणि रिकव्हरीत जातं. ९.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, असं रेंगाळणारं ट्रान्झॅक्शन आपोआप संपवणारी मुदत घालता येते. मात्र ती मुळात बंद असते, आपणच चालू करावी लागते.

ऑटोव्हॅक्यूमचं दुसरं काम याहून मोलाचं. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटांचे, फिरून पुन्हा येणारे. जुन्या ओळी वेळेत ‘गोठवल्या’ नाहीत, तर जुना डेटा भविष्यातला समजला जाऊन दिसेनासा होईल. तसं होऊ नये म्हणून चालणारी फेरी ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलं तरी सुरू होते, आणि कुणी लॉकसाठी अडलं तरी एरवीसारखी माघार घेत नाही. जुलै २०१५ मध्ये जॉयेंट कंपनीची मांटा ही साठवणसेवा यातच अडकली. अशी फेरी चालू असताना एका क्वेरीने त्याच टेबलाचं संपूर्ण लॉक मागितलं आणि ती थांबून राहिली. ज्यांचं ऑटोव्हॅक्यूमशी काहीच वाकडं नव्हतं, अशा वाचण्या-लिहिण्याच्या क्वेरी तिच्यामागे तुंबल्या. अशा वेळी ऑटोव्हॅक्यूमची फेरी ‘किल’ करून उपयोग नाही, ती पुन्हा सुरू होणारच. हटवायची ती संपूर्ण लॉक मागणारी क्वेरी, आणि ती भलत्या वेळी पुन्हा येणार नाही अशी दुरुस्ती ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये करायची.