पोरं कुणाकडे आहेत?



सुट्टी लागली की आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातली घरं बाहेर पडतात. कुणी हाजी मलंगला, कुणी कोंडेश्वरला, कुणी कल्याणहून गाडी पकडून गावी. दोन-तीन कुटुंबं, सात-आठ पोरं. जेवण कुणी आणायचं हे ठरलेलं असतं, पोरांकडे कोण बघणार हे नसतं. खालाला वाटतं अम्मीकडे आहेत, अम्मीला वाटतं मामूकडे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या कामापुढे एका माणसाचं नाव नसतं, ते काम आमच्याकडेही पडून राहतं.

३ मे २००७ ला पोर्तुगालमधल्या प्राया दा लुझ इथून सुट्टीला आलेली तीन वर्षांची एक ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. आईबाप दोघंही डॉक्टर. जवळच्याच रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर जेवत होते, अधूनमधून उठून झोपलेली मुलं बघून येत होते. व्यवस्था होती, पण दोन फेऱ्यांमधला वेळ उघडा होता. पुढे आईबापावरच संशय आला, २००८ मध्ये तो शिक्का निघाला. मुलगी अजून सापडलेली नाही. "आईनं लक्ष द्यायला नको?" असं म्हणणारे तिथेही होते, आपल्या गल्लीतही असतात. बापाला हे फारसं कुणी विचारत नाही.

आता मुंबईतली गोष्ट. २२ जानेवारी २०१३ ला अंधेरीत सात वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवरून गायब झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणं होती. १६५ सापडल्या, ही राहिली. भोसले निवृत्तीनंतरही तिला शोधत राहिले. ४ ऑगस्ट २०२२ ला ती घरी आली, सोळा वर्षांची होऊन. तिला दुसऱ्यांचं मूल सांभाळायच्या कामाला लावलं होतं! एका कामवाल्या बाईच्या मदतीनं तिला इंटरनेटवर आपलंच 'हरवली आहे'चं पोस्टर सापडलं. त्यावरच्या नंबरांपैकी एकच लागला, शेजाऱ्याचा.

म्हणून पोराच्या खिशातल्या चिठ्ठीवर आपल्या नंबराबरोबर शेजाऱ्याचाही लिहा.

'चोवीस तास थांबा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे देता येतो. आपली माणसं ठाण्याची पायरी चढायला कचरतात. का, ते मला सांगायला नको. पण म्हणून पहिला तास नातेवाइकांना फोन करण्यात घालवायचा नाही. बाकीचे शोधतील, एकानं थेट ठाण्यात जायचं. स्टेशनवर असाल तर लोहमार्ग पोलीस किंवा आरपीएफ.

मलंगगड चढताना पोरगं दुसऱ्याच्या हातात देताना मोठ्यानं बोला: "आता हा तुझ्याकडे." समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. निघताना त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. आणि पाच वर्षांच्या पोराला विचारून बघा, अब्बूचं नाव काय? बहुतेक पोरं 'अब्बू' एवढंच सांगतात. पूर्ण नाव शिकवा, मोहल्ल्याचं नावही शिकवा.

आता मोबाइल काढा. १०९८ आणि ११२, दोन्ही सेव्ह करा. मी थांबतो तेवढा वेळ.