गालातील पेशी आणि कागदी पाकीट

डीएनए तपासणीसाठी रक्तच काढावे लागते असे नाही. कापसाचा निर्जंतुक बोळा गालाच्या आतील बाजूवर सुमारे अर्धा मिनिट फिरविला, की त्यास चिकटलेल्या पेशी प्रयोगशाळेस बहुधा पुरतात. त्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. बोळा कोरडा पाठवायचा असल्यास सावलीत सुकवून कागदी पाकिटातच ठेवावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जिवाणू व बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे होतात. डब्यात कोंडलेल्या ओलसर धान्याचे काय होते, हे गृहिणींना सांगावयास नकोच.

खरी अडचण निराळी आहे. नमुना कोणाचा, हे प्रयोगशाळा पाकिटावरील नावावरूनच जाणते. म्हणून न्यायालयीन कामासाठी तो तिऱ्हाइतासमक्ष घेतात. शिवाय तो एकट्याचा नसतोच. अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी लाळेच्या नमुन्यासाठी घरोघर संच पाठवीत असे. २०२३ साली चोरांनी तिच्या सुमारे १४,००० ग्राहकांची खाती उघडली. पण नातलग शोधण्याच्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. यांतील बहुतेकांच्या स्वतःच्या खात्यांची कुलपे शाबूतच होती.