व्हिजिटिंग कार्ड : कागदाचे की फोनमधले?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून व्हिजिटिंग कार्डावर बोलायचे, म्हणजे विषय अंमळ किरकोळ वाटेल. पण आम्ही रोपवाटिकेचा धंदा करणारी माणसे. टोमॅटोची, मिरचीची रोपे विकतो. गिऱ्हाइकाला वेळेवर आमचा ठावठिकाणा सापडला नाही, तर ते दुसऱ्याच्या दारी जाते. कार्ड कागदाचे छापावे की फोनमधले करून घ्यावे, हा प्रश्न नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील व्यापाऱ्यापासून मंचरच्या दुकानदारापर्यंत आज साऱ्यांपुढेच आहे.

प्रथम कार्ड म्हणजे काय, ते पाहू. त्याचे उत्तर आपल्या डोंगरांत कोरलेले आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील लेख सांगतो, की हे दान कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात इरिल नावाचा यवन पाण्याची टाकी दिल्याचे नोंदवतो. आणखी एका ठिकाणी धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आपले दान सांगते. नाव, गाव, कुळ, धंदा! नाणेघाटातून माल ये-जा करीत होता, त्या काळी माणसाची ओळख याच शब्दांत होत होती. कार्डावर आपण याहून वेगळे काय छापतो? कार्ड ही शोभेची वस्तू नव्हे. ‘मी अमुक ठिकाणी सापडेन’ असे दिलेले ते वचन आहे.

आता हे वचन कशावर लिहावे? जुन्नरने कोणाची बाजू घ्यावी, हे सांगणे कठीणच! कारण हाताने बनविलेल्या जुन्नरी कागदाचे नाव एके काळी दूरवर होते. आणि परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलणे करून देणारे देशातील पहिले भू-केंद्रही १९७१ साली याच तालुक्यात, आर्वीला उभे राहिले. कागद आणि बिनतारी संदेश, दोन्ही आपल्या घरचेच.

फोनमधल्या कार्डाचे गुण उघड आहेत. क्रमांक बदलला तर एका जागी दुरुस्ती केली की पुरते. कागदावर छापलेला क्रमांक मात्र खोटा होऊन बसतो. आमचा क्रमांक बदलला, तेव्हा जुन्या कार्डांवरून लोक कोणा भलत्याच गृहस्थांना रोपांचा भाव विचारीत होते, आणि ते बिचारे सौजन्याने उत्तर देत होते! त्यावर उपाय म्हणून आम्ही चौकटीचा कोड, म्हणजे क्यूआर कोड, करून घेतला, तो पिशव्यांवर आणि पाटीवर छापला. पुढे ऐन लागवडीच्या दिवसांत तो कोड काही उघडेना. चौकशी केली तेव्हा कळले, की ज्यांच्याकडे आमचे पान होते त्यांची वर्षाची वर्गणी भरायची राहून गेली होती. पाटी आमची, पिशवी आमची. नाव मात्र भाड्याच्या खुंटीवर टांगलेले! त्या दिवसांत जी जुनी गिऱ्हाइके आली, त्यांतील कित्येकांनी पंचांगात ठेवलेले कागदाचे कार्ड काढून दाखविले. त्यावरचा क्रमांक जुना होता, पण गाव आणि रस्ता खरा होता.

तेव्हा आम्हांला एक गोष्ट उमगली. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत, मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्याचे काळेपांढरे चौकोन म्हणजे एक प्रकारची लिपीच आहे. तिच्यात आपले नाव, गाव व क्रमांक थेट लिहिता येतात; मग तो वाचायला इंटरनेट लागत नाही आणि कोणाची वर्गणीही लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या कोडात आपले नाव नसतेच, फक्त दुसऱ्याच्या घराचा पत्ता असतो. नाव त्या घरात ठेवलेले असते. हा दुसरा प्रकार मागाहून बदलता येतो, ही त्याची सोय. पण घर बंद झाले की सारेच संपले. कोड करून घेताना यांतला कोणता, हे बहुधा कोणी विचारीत नाही. ते आधी विचारावे.

शिवाय कार्ड आपण कोणाला देतो, तेही पाहिले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराकडे कागद पाकिटात चुरगळेल, फोनमधले नाव राहील. पण डिंभे धरणापलीकडे, भीमाशंकरच्या डोंगरात, जिथे फोनची रेंज येते आणि जाते, तिथल्या माणसाच्या हाती कागदच द्यावा. ज्याला अक्षर बारीक दिसते त्या आजोबांनाही कागदच; आणि त्यावर अक्षर मोठे छापावे.

आम्ही आता कागदाचे कार्ड छापतो. पुढच्या बाजूस नाव, गाव आणि रस्त्याची खूण. मागे तोच मजकूर कोडात. कार्डे थोडीथोडी छापतो, म्हणजे क्रमांक बदलला तर नुकसान फार होत नाही. आणि जुना क्रमांकही शक्य तोवर चालू ठेवतो.

साधन कोणतेही घ्या. पण शेतकऱ्याचा माल घेऊन कार्ड पुढे केले आणि पैसे देण्याच्या दिवशी त्या क्रमांकावर कोणी बोलेनासे झाले, तर तो दोष कागदाचाही नव्हे आणि फोनचाही नव्हे. सुलसदत्ताचे नाव दगडात होते म्हणून टिकले हे खरे. तथापि त्या नावामागे उभे केलेले चैत्यगृह आजही जागेवर आहे, हेही तितकेच खरे. आपल्या नावामागे आपण जागेवर असावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.